वाचकांचे प्रश्न : स्प्रिंटच्या शेवटी तुंबणारे टेस्टिंग

प्रश्न : आमचा स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) दोन आठवड्यांचा. पहिले सात-आठ दिवस टेस्टरकडे काहीच येत नाही आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या स्टोऱ्या (ग्राहकाला हव्या असलेल्या एकेका सोयीची कामे) एकदम येऊन पडतात. रात्री जागूनही निम्म्याच तपासून होतात, उरलेल्या पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो. आणखी दोन टेस्टर मागावेत का? (हिंजवडी, पुणे)

उत्तर : टेस्टर वाढवून हे सुटणार नाही, कारण तुंबण्याचे मूळ स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी आहे. सहा डेव्हलपर असले की सहा स्टोऱ्या एकाच वेळी उघडल्या जातात. सगळ्या साधारण सारख्याच आकाराच्या, त्यामुळे संपतातही एकदमच. एका वेळी तीनपेक्षा जास्त स्टोऱ्या हातात घ्यायच्या नाहीत, असा नियम करा आणि प्रत्येक स्टोरीवर दोघांना बसवा. पहिली स्टोरी तिसऱ्या दिवशी टेस्टरच्या हातात पडलीच पाहिजे. तशी पडत नसेल तर ती फार मोठी आहे.

मोठी स्टोरी तोडताना स्क्रीन वेगळी, एपीआय (स्क्रीन आणि सर्व्हर यांना जोडणारा दुवा) वेगळे, डेटाबेस वेगळा अशी तोडू नका. तसे तुकडे एकेकटे तपासताच येत नाहीत. ‘यूपीआयने पैसे पाठवणे’ ही स्टोरी घ्या. पहिला तुकडा फक्त यशस्वी व्यवहाराचा, दुसरा बँकेने नाकारलेल्या व्यवहाराचा, तिसरा उत्तरच न आलेल्या व्यवहाराचा आणि चौथा पावतीचा. प्रत्येक तुकडा स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत पूर्ण असतो आणि आला त्याच दिवशी तपासता येतो.

पहिले तीन दिवस टेस्टरने करायचे काय, तर कोड लिहिण्याआधीचे टेस्टिंग. प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचे ते ठरवणारा), डेव्हलपर आणि टेस्टर अशा तिघांनी प्रत्येक स्टोरीवर अर्धा तास बसावे आणि नुसती चर्चा न करता उदाहरणे आकड्यांसकट लिहून काढावीत. सर्वसाधारण यूपीआय व्यवहाराची मर्यादा 1 लाख रुपये आहे. म्हणजे 99,999.99, 1,00,000 आणि 1,00,000.01 या तिन्ही रकमांना काय व्हायला हवे? शून्य रुपयांना? बटण दोनदा दाबले तर? खात्यातून पैसे गेले आणि उत्तर येण्याआधी नेटवर्क तुटले तर? यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा कोणाकडेच तयार नसतात आणि सर्वांत महागडे बग नेमके तिथेच असतात.

असा बग पकडायला खऱ्या बँकेची गरज नाही. बँकेच्या जागी एक स्टब, म्हणजे बँकेसारखी उत्तरे देणारा नकली प्रोग्रॅम, उभा करा. ॲपचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) 30 सेकंद असेल तर स्टबला 40 सेकंदांनी ‘यशस्वी’ असे उत्तर द्यायला लावा. ॲपवर ‘व्यवहार प्रलंबित’ दिसायला हवे, ‘अयशस्वी’ नव्हे, कारण ‘अयशस्वी’ वाचले की माणूस पुन्हा पैसे पाठवतो. मग ॲपला तीच विनंती त्याच व्यवहार क्रमांकाने पुन्हा पाठवायला लावा आणि खतावणीत वजावटीची नोंद एकच आहे ना, ते डेटाबेसमध्ये जाऊन बघा. स्क्रीनवरच्या संदेशावर विसंबून ही तपासणी होत नाही.

राहिला ढकललेल्या स्टोऱ्यांचा प्रश्न. ‘डेव्ह डन’ (कोड लिहून झाला) आणि ‘क्यूए डन’ (टेस्टिंग झाले) असे दोन रकाने बोर्डावर असतील तर दुसरा आजच पुसा. ‘डन’ एकच, आणि टेस्टिंग त्यातच धरलेले. स्क्रम या कार्यपद्धतीचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीनुसार ‘डेफिनिशन ऑफ डन’ (काम पूर्ण मानण्याच्या अटी) पूर्ण न करणारे काम स्प्रिंट रिव्ह्यूत, म्हणजे स्प्रिंटअखेरच्या आढावा बैठकीत, दाखवायचेसुद्धा नसते, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये (बाकी कामांच्या यादीत) परत जाते. हा नियम कडक वाटतो, पण तो पाळायलाच हवा. टेस्टिंग एक स्प्रिंट मागे राहिले की बग सापडेपर्यंत डेव्हलपर दुसऱ्याच कामात बुडालेला असतो आणि जुना कोड त्याला नव्याने वाचावा लागतो.

प्रश्न : आमच्या 600 सेलेनियम टेस्ट (ब्राउझर आपोआप चालवून होणाऱ्या तपासण्या) रात्री एक वाजता चालतात. रोज सकाळी तीस-चाळीस लाल (नापास) असतात, पुन्हा चालवल्या की बहुतेक हिरव्या होतात. आता तो रिपोर्ट कोणी उघडतही नाही. (नाशिक)

उत्तर : आधी हिशोब पाहा. प्रत्येक टेस्ट हजारात फक्त पाच वेळा विनाकारण पडते असे धरले, तरी 600 च्या 600 हिरव्या दिसण्याची शक्यता जेमतेम 5 टक्के उरते. म्हणून ‘एखादी टेस्ट कधीतरी पडतेच’ हे चालवून घेता येत नाही.

कारणे बहुधा तीन-चारच निघतात. पहिले, ठरावीक सेकंदांचे स्लीप, म्हणजे टेस्टला तेवढा वेळ नुसते थांबवून ठेवणे. ते काढा आणि ‘बटण दाबण्याजोगे होईपर्यंत थांब’ अशी अट घालणारा एक्सप्लिसिट वेट वापरा. त्याच्या जोडीला इम्प्लिसिट वेट (प्रत्येक घटक शोधताना सरसकट लागू होणारे थांबणे) ठेवू नका, दोन्हींची सरमिसळ झाली की थांबण्याचा वेळ बेभरवशाचा होतो. दुसरे, सामायिक डेटा. दोन टेस्ट एकाच ग्राहकाचे खाते वापरत असतील तर एकीने बदललेला पत्ता दुसरीला पाडतो. प्रत्येक टेस्टने आपला ग्राहक आपणच तयार करावा. तिसरे, स्क्रीनच्या रचनेवर बेतलेले लांबलचक एक्सपाथ (पानावरच्या घटकांचे पत्ते). डेव्हलपरांकडून टेस्टसाठी वेगळा आयडी मागून घ्या.

तुमच्या बाबतीत मात्र एक वाजता हा तपशील आधी तपासा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात त्याची तारीख कालचीच असते. ‘आजची पावती’ शोधणाऱ्या टेस्ट तेव्हा हमखास पडतात आणि सकाळी दहाला आपोआप सुधारतात.

वारंवार पडणाऱ्या टेस्ट मुख्य रनमधून बाहेर काढून वेगळ्या ठेवा, प्रत्येकीवर एकाचे नाव लिहा आणि दोन स्प्रिंटमध्ये दुरुस्त झाली नाही तर काढून टाका. पडली की गुपचूप पुन्हा चालवण्याची सोय बंद करा, तिच्याआड खरे बगही दडतात. आणि मुळात 600 हा आकडाच कमी व्हायला हवा. जीएसटीच्या वेगवेगळ्या दरांची आकडेमोड ब्राउझर उघडून कशाला तपासायची? ती युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकच छोटा भाग थेट तपासणाऱ्या टेस्टमध्ये) न्या, सेकंदाच्या आत होते.

प्रश्न : टेस्टरचे मूल्यमापन त्याने नोंदवलेल्या बगांच्या संख्येवरून करावे का? (ठाणे)

उत्तर : करू नये. संख्या मोजली की एका बगाचे चार होतात, स्पेलिंगच्या चुकांचे ढीग पडतात आणि टेस्टर कोड यायच्या आधी डेव्हलपरला सावध करणे सोडून देतो. हेच तर त्याचे सर्वांत मोलाचे काम असते. मोजायचेच असेल तर संपूर्ण टीमचे मोजा : ग्राहकापर्यंत पोचलेले बग किती आणि दुरुस्त म्हणून बंद केलेले पुन्हा उघडले किती.

प्रश्न : आमच्या फॉर्मवर मराठीतून नाव भरता येते. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव काही ग्राहकांच्या बाबतीत शोधात सापडत नाही, तर कधी सेव्हच होत नाही. टेस्टमध्ये काय धरावे? (कोल्हापूर)

उत्तर : डोळ्यांना तीन अक्षरे दिसत असली तरी युनिकोडमध्ये हे आठ कोड पॉइंट (अक्षरे आणि चिन्हे यांना दिलेले क्रमांक) आहेत आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत 24 बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी, एकक न सांगता, नुसती 20 ठेवली तर ती मुळात बाइटमध्ये मोजली जाते, म्हणून सेव्ह होत नाही. लांबी कॅरॅक्टरमध्ये जाहीर करायला सांगा.

शोधाची भानगड ‘ऱ’मुळे. काही कीबोर्ड तो एकच कोड पॉइंट म्हणून देतात, काही ‘र’ आणि नुक्ता (खालचे टिंब) असे दोन. दिसायला सारखे, तुलनेत वेगळे. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एनएफसी रूप (युनिकोडने ठरवलेले एकसारखे, जोडलेले रूप) करून घेतले की हे मिटते. तिसरा प्रकार मात्र उरतोच : र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह). त्याला एनएफसी हात लावत नाही, त्यामुळे तो बदलण्याचा नियम कोडमध्ये वेगळा लिहावा लागतो. तिन्ही प्रकारे लिहिलेले एकच आडनाव टेस्ट डेटात ठेवा. प्रत्येकाने साठवून बाकी दोघांनी शोधायचे, म्हणजे सहा जोड्या होतात.

एसएमएस जात असेल तर तोही तपासा. इंग्रजी संदेशात 160 अक्षरे मावतात, देवनागरीत 70, आणि त्यापुढे गेला की त्याचे तुकडे पडून खर्च वाढतो. मोबाइल नंबराच्या रकान्यात ‘९८’ असे देवनागरी आकडे टाकून बघा. स्क्रीनवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा ‘डिजिट’ पॅटर्न (आकडे ओळखणारा नमुना) ते नाकारतो, सर्व्हरवर पायथॉन 3 असेल तर त्याचा स्वीकारतो. त्यामुळे ही टेस्ट स्क्रीनवरून एकदा आणि थेट एपीआयवर एकदा, अशी दोनदा करा.