पायरी त्याची त्याला उतरू दे

पोरी,

परवा फोनवर रडलीस ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलो. तुझ्या पोहण्याच्या वर्गातलं पाच वर्षांचं पोर आठ दिवस झाले तलावाच्या पायरीवरच बसायलंय, त्याची आई वरनं फी भरलीय म्हणून ओरडते, आणि तू मला विचारतेस उचलून पाण्यात घेऊ का. नको. पायरी त्याची त्याला उतरू दे.

तुला कधी बोललो नाही. माझ्या थोरलीला सहाव्या वर्षी मोहोळकडच्या विहिरीत मीच ढकललं. पाठीला डबा बांधलेला, मी खाली पाण्यातच होतो, लगेच उचलली. आम्हालाही तसंच शिकवलेलं, तेव्हा सगळेच बाप तसं करायचे, आणि पोर उद्या कुठं बुडू नये हीच काळजी होती ना माझी. ती आता तिच्या मुलांना पोहायला आणते आणि स्वतः काठापासून चार हात लांब खुर्ची टाकून बसते. मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली लिहून ठेवलंय, पीटर नावाचं तीनेक वर्षांचं पोर सशाला घाबरायचं. ते खायला बसलं की पिंजरा लांब ठेवायचा, मग थोडा थोडा जवळ, आणि न घाबरणारी पोरं आसपास खेळत ठेवायची. शेवटी सशानं बोटं कुरतडली तरी त्याला चालायला लागलं. शंभर वर्षं झाली याला! तरी दर गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात होम मैदानावर बघतो, पाळण्यात कोंबलेलं पोर किंचाळतंय आणि बाप खालनं शूटिंग घेतोय, टाळकं फिरतं माझं.

तुझ्याकडचं ते पोर बसून बघतंय गं, ते कामच करतंय. सगळ्यात चांगलं पोहणाऱ्याशेजारी नको, कालपर्यंत भीत होतं अशा एखाद्या पोराशेजारी बसव. आधी पाय, मग खांद्यावर पाणी, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सगळ्यात शेवटी. आणि सोडणार नाही म्हणालीस तर सोडायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही, एकदा फसलं की ते परत तुझा हात धरणार नाही. तू मात्र कायम हाताच्या अंतरावर, बुडणारं मूल बऱ्याचदा आवाजही करत नाही.

महिना लागू दे. पायरी त्याची आहे. त्याच्या आईला माझ्याकडे पाठव, रविवारी सकाळी मी घरीच असतो.