सोरायसिस असलेल्या तरुण स्त्रीसाठी कोणते उपचार योग्य ठरतात?

यवतमाळजवळच्या खेड्यात राहणाऱ्या आपल्या 27 वर्षांच्या वहिनींच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व पाठीवर सोरायसिसचे (त्वचेवर लालसर, खवलेदार चट्टे आणणाऱ्या दीर्घकालीन आजाराचे) चट्टे आहेत आणि त्यांना पुढील वर्षी मूल हवे आहे, असे आपण लिहिले आहे. उपचार ठरवताना ही दुसरी गोष्ट प्रथम पाहावी लागेल. मेथोट्रेक्सेट हे एरवी स्वस्त व गुणकारी औषध असले, तरी ते गर्भाला घातक असल्यामुळे गर्भधारणेच्या काही महिने आधी, डॉक्टरांना विचारून, बंद करावे लागते. अ‍ॅसिट्रेटिन हे सोरायसिसवरचे दुसरे पोटात घ्यायचे औषध थांबवल्यानंतरही 3 वर्षे गर्भधारणा टाळावी लागत असल्याने ते सुरूच करू नये. (मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घेतात, चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.)

चट्टे मोजके असतील, तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरते स्टेरॉइड मलम आणि अंघोळीनंतर लगेच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल पुरेसे ठरू शकते. चट्टे पसरले असतील, तर गरोदरपणातही चालणारा नॅरोबँड यूव्हीबी किरणोपचार (त्वचेवर ठरावीक अतिनील किरण सोडण्याचा उपचार) मला अधिक योग्य वाटतो; मात्र त्यासाठी आठवड्यातून 2-3 फेऱ्या कराव्या लागतात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून ते साधणे अवघड असते, हे त्वचारोगतज्ज्ञांना आधीच स्पष्ट सांगावे.

मेडिकलमधून परस्पर आणलेले गजकर्णाचे मिश्र (बुरशीनाशक व स्टेरॉइड एकत्र असलेले) मलम लावू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या व इंजेक्शनेही टाळावीत, कारण ती थांबताच आजार अधिक जोराने उसळू शकतो. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. त्यामुळे त्यांचे ताट वेगळे ठेवण्याचे काहीही कारण नाही.