बेळगावसारख्या गावात अ‍ॅपवरची रिक्षा आणि सरकारी बस एकमेकांना जोडता येतील का?

येतील की. खरं बसच्या जागी रिक्षा नको, बस जिथं सोडते तिथून पुढं रिक्षा पाहिजे.

आमच्या आईचंच सांगतो. ती खानापूरहून येते, जून 2023 ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाल्यापासून कंडक्टर आधार बघून झिरो तिकीट देतोय, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर फुकट. सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला उतरली की मग गंमत, गावातल्याच वडगावला यायला रिक्षावाला दीडशे म्हणतो. सीटवर जायचं तर "एक सीट, एक सीट" ओरडत तो पंधरा मिनिटं जागचा हलत नाही, पाठीमागं चौघं दाटून बसली तरी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या ढुंगणावर अजून एक पाहिजेच. अ‍ॅपवर बुक केलं तर फोन येतो, कुठं जायचं, कॅश का ऑनलाइन, आणि मग कॅन्सल.

आता वडाप, म्हणजे ही सीटवरची रिक्षा तरी काय, ऑन डिमांडच की, माणसं मिळतील तशी सुटणारी, फक्त मोबाईल नाही. एकाच बसमधनं वडगावची चौघं उतरणार हे आधी कळलं तर रिक्षा भरायची वाट बघायला नको आणि सीटचा दर ठरलेला राहील. बेंगळुरात 'नम्म यात्री' हे रिक्षाचं अ‍ॅप 2022 पासून आहे, भाड्यावर कमिशन कापत नाही, ड्रायव्हरकडनं ठरावीक फी घेतात, मेट्रोचं तिकीटपण त्याच अ‍ॅपवर मिळतं. म्हणजे जोडणं काय अवघड नाही.

खरं कॅनडातल्या इनिसफिल गावानं 2017 ला बस सुरू करायच्या ऐवजी उबरलाच अनुदान दिलं. लोकांना आवडलं, तिथंच घोळ झाला. बसमध्ये एक माणूस वाढला तर खर्च तेवढाच, टॅक्सीत दर फेरीला नगरपालिकेच्या खिशातनं परत पैसे! शेवटी 2019 ला भाडं वाढवलं आणि महिन्याला 30 फेऱ्यांची मर्यादा घातली. म्हणून खानापूर, निपाणीच्या बसला हात लावू नये, शेवटची बस गेल्यावर उचगाव, येळ्ळूरसारख्या जवळच्या खेड्यांकडं जायला मात्र अशी रिक्षा कामाची.

आणि बुकिंग फक्त अ‍ॅपवर ठेवू नका हो, कंडक्टरच्या तिकीट मशीनवरच "पुढं कुठं?" असं एक बटण द्या. आमच्या आईकडं अजून साधा डबडा फोन आहे.