तीन वर्षांच्या मुलाच्या लघवीतून रक्त जातंय आणि सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत गाठ दिसली आहे. हा कॅन्सरच असेल का?

नुसत्या सोनोग्राफीवरून तसं कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. पण लघवीतून रक्त जातंय असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा पुढच्या तपासण्या याच आठवड्यात करा. मी रेडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांच्या सोनोग्राफी करते. रिपोर्टमध्ये काय पाहायचं ते सांगते.

मुलाला कुशीवर वळवल्यावर गाठ हलली का? रक्ताची गुठळी सहसा सरकते. कधी ती भिंतीला चिकटूनही बसते, म्हणून कलर डॉपलरबद्दल (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीबद्दल) काय लिहिलंय ते वाचा. गुठळीत रक्तप्रवाह नसतो, ट्यूमरमध्ये बहुधा दिसतो. मूत्रवाहिनीचं, म्हणजे किडनीतून लघवी आणणाऱ्या नळीचं, टोक फुगून पिशवीत आलं असेल तर त्याची भिंत पातळ आणि आत पाणी असतं, तो ट्यूमर नव्हे. संसर्गामुळेही भिंत इतकी सुजते की गाठच वाटावी. ती सूज काही आठवड्यांत ओसरते.

या वयात खरी काळजी असते ती रॅब्डोमायोसार्कोमाची. मुलांच्या लघवीच्या पिशवीतल्या कर्करोगांत तोच सर्वाधिक आढळतो, तोही बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. पिशवीच्या तळाशी द्राक्षांच्या घडासारखे गोळे दिसतात. पण इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर (सहसा शरीरात न पसरणारी गाठ) सोनोग्राफीत हुबेहूब तसाच दिसू शकतो आणि त्याचे उपचार निराळे आहेत. म्हणून भूल देऊन, दुर्बिणीतून तुकडा काढून तपासणं आलंच. बहुधा एमआरआयही सांगतील. रॅब्डो निघालाच, तरी सहसा आधी केमोथेरपी देतात आणि पिशवी वाचवायचा प्रयत्न करतात. सुरुवातीलाच पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर लहान मुलांच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. मुंबईत टाटा मेमोरिअलमध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

किडन्या फुगल्याचा उल्लेख असेल तर गाठीमुळे लघवीची वाट अडत असावी. ते डॉक्टरांना फोनवर आजच सांगा.

सोनोग्राफी पुन्हा करायची झाली तर पिशवी भरलेली हवी. रिकाम्या पिशवीची भिंत जाड दिसते: भरलेली असताना ३ मिमीपर्यंत, रिकामी असताना ५ मिमीपर्यंत जाडी नेहमीची धरतात. या वयात पिशवीत साधारण १५० मिली लघवी मावते. तासभर आधी पाणी पाजा. मध्येच त्याला लघवी झाली तर रागावू नका, पुन्हा पाणी पाजून थांबा. मात्र लघवी अडली, ओटीपोट तटतटलं, मूल कण्हायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याला थेट इमर्जन्सीत घेऊन जा.