मान हलवू नकोस

तू विचारलंस, ‘डिचोलीहून थेट जर्मनीला एमएस्सीला जाते आहे, तिथल्या माणसांशी बोलायचं-वागायचं कसं?’ चार दिवस उत्तर टाळलं. काल झोपच लागेना, म्हणून लिहायला बसले.

व्हिसा, एपीएस म्हणजे पदवीची पडताळणी, खात्यात अडकवायचे ११,९०४ युरो हे सगळं दूतावासाच्या पानावर आहे. ते सोडते. पत्त्याची नोंदणी मात्र सांगते, आनमेल्डुंग म्हणतात. दोन आठवड्यांत करायची, घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. मला ते मिळेना, कारण मी मागितलंच नव्हतं! दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले, ‘बरं आहे ना?’ विचारून परत आले. त्याला आपणहून कळेल असं वाटलं. मुदत उलटली, आणि मी त्यालाच आठवडाभर शिव्या दिल्या. मनातल्या मनात.

२००६ साली मी माशेलहून इथे आले. प्राध्यापक विचारायचे, ‘पटलं?’ मी मान हलवायची. आपली ती मान, हो की नाही ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. सेमिस्टरअखेर ते म्हणाले, ‘तुमचं मत काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.’ रागानं नव्हे, बाहेर पाऊस आहे म्हणावं तसं. ३.७ मिळाले. इथे १ सगळ्यांत वर आणि ५ म्हणजे नापास.

‘झी’ म्हणजे अहो, ‘दू’ म्हणजे अगं-अरे, आणि मोठ्या माणसानं सांगितल्याशिवाय ‘दू’वर यायचं नाही. हे आपल्याला जमतं. जमत नाही ते हे, की तोंडभर अहो म्हणूनही ‘तुमचं इथे चुकतंय’ म्हणता येतं.

एका रविवारी हुमणाचं वाटप काढायला मिक्सर लावला. शेजारी वर आला, आज आवाज चालत नाही म्हणाला, गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात हसून नमस्कार. मी महिनाभर त्याची वाट चुकवत होते. त्याचं बोलून झालं होतं, माझं सुरूच झालं नव्हतं.

एकटेपणाचं विचारलंस. गणेशचवथीला येतो. जातो.

खरं सांगायचं ते मुलाचं. इथे चौथीनंतर वाटा फुटतात: गिम्नाझियममधून सरळ विद्यापीठ, बाकीच्यांना वळसा. बाई म्हणाल्या, लेखी उत्तम आहे, पण वर्गात बोलत नाही, गिम्नाझियम झेपायचं नाही. तोंडी सहभागालाही गुण असतात इथे. मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये, हे त्याला मीच शिकवलेलं. माशेलला गेलो की सगळी म्हणायची, ‘केवढा शाणा, तोंडातून शब्द नाही!’ मलाही बरं वाटायचं. आमच्या राज्यात शिक्षकांची शिफारस बंधनकारक नव्हती, निर्णय आईबापांचा. मला ते ठाऊक होतं. तेरा वर्षं झाली होती इथे, भाषा येत होती. आणि बाईंसमोर मी मान हलवली.

आता तो सोळाचा आहे. परवा म्हणाला, ‘आई, तू तेव्हा बोलायला हवं होतंस.’ आणि लगेच, जेवायला काय आहे? त्याचं बोलून झालं होतं.

विमान कधीचं आहे ते कळव. मिक्सर आण, व्होल्टेज चालतं, पिन तेवढी बदलावी लागेल.