रडणं ऐकू येतंय, हातात काय आहे ते सांग

प्रश्न : ताई, माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे दोन वर्षांत त्यांची नजर जवळजवळ गेली. क्रिकेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण आता मॅच लागली की आतल्या खोलीत जाऊन पडतात. माझा मुलगा शेजारी बसून सगळं सांगायला लागला, तर 'गप्प बस रे, डोकं उठवू नकोस' म्हणून त्याच्यावरच ओरडले. पोरगं हिरमुसलंय. बाहेर न्यावं म्हटलं तर आमचे हे म्हणतात, 'त्यांना दाखवणार काय?' काय करावं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमच्या मुलाची पाठ थोपटा. चुकतंय एवढंच, की तो बहुधा फार बोलतो.

मला अकराव्या वर्षी दिसेनासं झालं. दादरला प्लाझात माझा दादा मला सिनेमाला घेऊन जायचा आणि कानाशी लागून अखंड पुटपुटायचा, 'रडतेय गं, खूप रडतेय.' एकदा मी वैतागून म्हटलं, 'अरे, रडणं मला ऐकू येतंय. हातात काय आहे ते सांग.' क्षणभर गप्प राहून म्हणाला, 'पत्र. फाडलंय.' बस्स, मला सगळा प्रसंग कळला! त्या दिवसापासून आमचं जमलं. मागच्या रांगेतून 'शूऽऽ' यायचं, ते येतच राहिलं.

तेव्हा पहिला नियम हाच. जे कानाला कळतं ते सांगायचं नाही, आणि संवाद चालू असताना तोंड उघडायचं नाही. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात ते हेच : दोन संवादांच्या फटीत कुणी काय केलं ते मोजक्या शब्दांत सांगणारा निवेदक. काही ओटीटींवर भाषा निवडायच्या यादीतच तो पर्याय सापडतो, पण बहुतेक इंग्रजी मालिकांना. मराठी मालिकेत मला तरी तो अजून भेटलेला नाही. खरं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम ४२ मध्ये, ही सोय हवी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्याकडे मात्र अजून तीनदा 'धडाम' वाजतं, कॅमेरा सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो (असं सून सांगते), आणि कोण कुणाकडे बघून दचकलं ते मला दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशींकडून कळतं.

क्रिकेटचं दुखणं वेगळं आहे. टीव्हीवरचा समालोचक चित्राच्या भरवशावर बोलतो. 'काय फटका मारलाय!' म्हणतो आणि गप्प होतो. अहो, मारला कुठे? रेडिओवाल्याला ती सोय नसते. चेंडू कुठे पडला, कव्हरमधून गेला की मिडविकेटला, कोण मागे धावला, सगळं त्याला बोलूनच उभं करावं लागतं. तुमच्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसानं चाळीच्या गॅलरीत ट्रान्झिस्टरभोवती कोंडाळं करून मॅच 'बघितलेली' असणार, आणि आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णनही ऐकलेलं असणार. म्हणजे या विषयातले जाणकार तेच आहेत. नातवाला त्यांच्याकडे शिकायला बसवा. 'आजोबा, रेडिओवर कसं सांगायचे?' असं त्यानं विचारावं. एका चेंडूला एकच वाक्य, आणि तेही गोलंदाज परत रनअपला पोचायच्या आत. ओव्हर संपली की पडद्यावरची धावांची पट्टी वाचायची, कारण ती टीव्ही वाचत नाही. चुकला तर आजोबांनी हाणून पाडावं. त्यांना ओरडायला हक्काचं कारण मिळेल.

त्याआधी एक करा. त्यांना नक्की किती दिसतं ते विचारा. काचबिंदूत बरेचदा नजर कडेनं जाते आणि मध्ये नळीएवढी उरते. तसं असेल तर खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर हवी. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली टिकवायची तर थेंब चुकवू नका. आणि हो, तुमच्या यजमानांनीही डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्यावं. हा आजार घराण्यात उतरू शकतो.

आता 'दाखवणार काय?' बद्दल. लालबागला राहून हा प्रश्न? मिरचीच्या दिवसांत त्यांना मसाला गल्लीत न्या. डंकांचा धडधडाट ऐकू यायच्या आधीच घसा खवखवतो, मग धणे, मग भाजलेल्या खोबऱ्याचा वास. कुठलं दुकान आलं ते तेच तुम्हाला सांगतील. चालताना त्यांना मागून ढकलू नका. त्यांनी तुमचा कोपर धरायचा आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे राहायचं. पायरी आली की 'चढ' का 'उतार' तेवढं बोला. 'सांभाळून!' म्हणू नका. त्यानं माणूस जागीच थिजतो.

गाडीनं गेलात तर प्लॅटफॉर्मवर बीप वाजतो तिथे दिव्यांगांचा डबा येतो. माहीम सुटलं की खाडीचा वास घेऊन वांद्रे येतं. पार्ल्याला पूर्वी बिस्किटं भाजल्याचा वास यायचा, त्यावर मी दाराकडे सरकायला लागायची. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि महिनाभर मी पार्लं चुकवत होते. घोषणा असते हो, पण नाकाची सवय जात नाही.

शेवटचं, रिमोट त्यांच्या हातात द्या. बहुतेक रिमोटवर पाचाच्या बटणावर उंचवट्याचं टिंब असतं, तिथून बाकीचे आकडे बोटांना सापडतात. आमच्या घरी रिमोट माझ्याकडेच असतो. भांडणं होतात ती मी चॅनल बदलते म्हणून.