सेल्सफोर्समध्ये नोकरी की सेल्सफोर्सवर नोकरी?

प्रश्न : मुलगी सोलापुरात बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातला एक क्लास सेल्सफोर्स शिकवायचे ६५ हजार मागतोय, वर प्लेसमेंटची हमी देतोय. पण त्या कंपनीने मध्यंतरी माणसं काढली असं ऐकलं. पैसे भरावेत का? – एक पालक

उत्तर : आत्ता भरू नका.

सेल्सफोर्स ही ग्राहक आणि विक्रीचा हिशेब ठेवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर इतर कंपन्यांना पुरवणारी अमेरिकी कंपनी. तिने माणसं काढली हे खरं आहे. मार्क बेनिऑफ आणि तीन सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या या कंपनीने करोनाकाळात गरजेपेक्षा जास्त भरती केली. ती अंगाशी आली आणि जानेवारी २०२३ मध्ये दहा टक्के कपात जाहीर झाली. तेव्हा सुमारे ७९ हजार कर्मचारी होते, वर्षभराने ७३ हजारांच्या आत आले. पुढे आकडा पुन्हा वाढला. पण तुमच्या मुलीचा याच्याशी थेट संबंध कमीच. नवख्यांना काम मिळतं ते बहुतेक वेळा हे सॉफ्टवेअर इतरांकडे बसवून देणाऱ्या आयटी कंपन्यांत. पुण्याची पर्सिस्टंट त्यातलीच.

शिकायचं साहित्य सेल्सफोर्स स्वतःच 'ट्रेलहेड' या आपल्या संकेतस्थळावर फुकट देते. सरावासाठी 'डेव्हलपर एडिशन'चं खातंही फुकट मिळतं. त्यात मुलीने चादरीच्या ठोक व्यापाऱ्याचा व्यवहार उभा करावा. 'दुकानदार' आणि 'ऑर्डर' अशी दोन ऑब्जेक्ट (म्हणजे माहितीचे तक्ते) करायची, ती एकमेकांना जोडायची. मग व्हॅलिडेशन रूल लावायचा : दुकानदाराची उधारी ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की ऑर्डर सेव्हच होता कामा नये. हे जमलं, की ॲडमिनच्या, म्हणजे कोड न लिहिता सॉफ्टवेअर हवं तसं मांडून देणाऱ्याच्या, कामाची चव कळली.

डेव्हलपर व्हायचं तर एपेक्स ही भाषा लागते. जावा येत असेल तर ती जड जात नाही. खरी गोची वेगळीच आहे. एकाच सर्व्हरवर अनेक कंपन्या नांदतात, म्हणून एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका दमात चालणाऱ्या कामात, डेटाबेसला शंभरच क्वेरी (माहितीची मागणी) करता येतात. नवखी मुलं क्वेरी लूपच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, आत लिहितात. एका ऑर्डरवर तपासलं तर सगळं चालतं. दोनशे ऑर्डरी एकदम चढवल्या की एकशे एकाव्या क्वेरीला गाडी अडते. क्वेरी लूपबाहेर काढून सगळ्या नोंदी एकदम आणायच्या, हा त्यावरचा उपाय. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

ॲडमिनची परीक्षा ६० प्रश्नांची, १०५ मिनिटांची. फी दोनशे डॉलर अधिक कर. काही क्लास जुने प्रश्नसंच, ज्याला मुलं 'डंप' म्हणतात, ते घोकून घेतात. प्रमाणपत्र मिळेलही, पण मुलाखतीत समोर रिकामा स्क्रीन ठेवून 'हे करून दाखव' म्हटलं की पितळ उघडं पडतं.

दोन महिने रोज दीड तास एवढं होऊ द्या. त्यानंतर एपेक्सपाशीच अडली, तर तेवढ्याच भागापुरती शिकवणी शोधा. आणि 'हमी' देणाऱ्याला लेखी विचारा : कोणती कंपनी, पगार किती, नोकरी न लागल्यास फी किती दिवसांत परत?